चॉकलेट चाखणं, मिल्कशेक घुसळणं आणि ३४ अंशांचं गणित

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, सात-आठ प्रकारची चॉकलेटं आणून घरी सगळ्यांनी मिळून चाखायला बसलात, पण तिसऱ्या तुकड्यानंतर सगळी सारखीच लागायला लागली आणि त्यातलं सगळ्यात महाग, ७० टक्के कोकोचं तर मेणासारखं लागलं. दुसरा, उरलेल्या चॉकलेटचा मिल्कशेक केला तर तो पाणचट झाला आणि वर काळे कण तरंगत राहिले. दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

ते मूळ म्हणजे कोको बटर. चांगल्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि आपलं तोंड असतं ३६-३७ अंशांवर. चॉकलेट बोटांत घट्ट राहतं आणि जिभेवर विरघळतं ते या दोन-तीन अंशांच्या फरकामुळे. कोकोचा वास आणि चव या चरबीत अडकलेली असते, ती वितळली की सुटते. फ्रिजमधून काढलेला पाच अंशांवरचा तुकडा तोंडात टाकला की तो आधी जीभच गार करतो आणि वितळायच्या आत चावून गिळला जातो. तुमचं ७० टक्केवालं मेणासारखं लागलं त्याला बहुधा हेच कारण आहे. शेकमध्येही तेच झालं: वितळवलेलं चॉकलेट थंड दुधात ओतलं की कोको बटर क्षणात गोठतं आणि त्याचे कण होतात. ते मिक्सरने बारीक होतात, पण विरघळत नाहीत.

आधी चाखण्याबद्दल. चॉकलेट खायच्या दोन तास आधी फ्रिजमधून काढा, पण डबा उघडू नका. गार चॉकलेट उघड्या हवेत आलं की त्यावर दव धरतं, वरची साखर त्यात विरघळते आणि सुकल्यावर पांढुरका खरखरीत थर उरतो. हा साखरेचा थर. दुसरा पांढरा थर चरबीचा असतो, चॉकलेट उन्हात किंवा गाडीत मऊ होऊन पुन्हा घट्ट झालं की येतो. तो गुळगुळीत असतो आणि बोट घासलं की बोटाच्या उबेनं निघून जातो. साखरेचा थर घासून जात नाही. दोन्हींत चॉकलेट खराब झालेलं नसतं, फक्त चाखण्याच्या ताटात ते ठेवू नये. अशा वड्या शेकसाठी बाजूला काढा, तिथे काही फरक पडत नाही.

खोलीचं तापमान २० ते २४ अंश असावं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हे जमत नाही. सकाळी लवकर बसा किंवा एसीच्या खोलीत. एका वेळी सहाच प्रकार घ्या, प्रत्येकी पाच-सहा ग्रॅमचा तुकडा. सहाच्या पुढे जीभ थकते, मग कितीही भारी चॉकलेट आणा. मधे प्यायला कोमट पाणी ठेवा, थंड नको, नाहीतर पुन्हा जीभ गार. सोबत बिनमिठाचे साधे कुरमुरे किंवा पावाचा पांढरा भाग. लसणाची चटणी, कांदाभजी, कडक चहा यानंतर तासभर तरी थांबा.

क्रमावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत ठाम आहे: डार्क आधी. ५५-६० टक्के, मग ७०, मग ८५. मग पाणी आणि कुरमुरे, थोडा दम, आणि त्यानंतर मिल्क, व्हाइट, शेवटी संत्रं किंवा मीठ-मिरची घातलेली आणि आत सारण असलेली. मिल्क चॉकलेटची साखर आणि दूध आधी जिभेवर बसलं की मागून येणारं ७० टक्केवालं उगीचच कडूजहर वाटतं, त्यातली फळाची आंबटगोड चव सापडतच नाही.

तुकडा आधी मोडा. नीट टेम्पर केलेलं (म्हणजे वितळवून ठरावीक तापमानांवर गार-गरम करत घट्ट बसवलेलं) डार्क चॉकलेट ‘टक्’ असा आवाज करून मोडतं आणि मोडलेली कड स्वच्छ असते. वाकलं किंवा भुगा झाला तर ते एकदा वितळून पुन्हा बसलंय, नाहीतर खोली गरम आहे. मग वास घ्या. मग तोंडात टाकून दोनदाच चावा आणि जिभेने टाळूला दाबून धरा. पहिले पाच-सात सेकंद फारसं काही कळत नाही. मग कडा मऊ होतात, तुकडा घसरायला लागतो आणि एकामागून एक चवी येतात: आधी बहुतेक आंबट, मग गोड, मग भाजल्याचा खमंगपणा, शेवटी कडू आणि तुरट. गिळल्यानंतरचं मिनिटभर फार महत्त्वाचं, तेव्हा लगेच पाणी पिऊ नका. चवींना नावं द्यायची तर आपल्या घरातली द्या: मनुका, चिंच, आमसूल, काळा गूळ, भाजलेले शेंगदाणे, खजूर. केरळच्या इडुक्कीतल्या किंवा आंध्रच्या गोदावरी भागातल्या कोकोचं चॉकलेट मिळालं तर जरूर ताटात ठेवा. त्यांत बऱ्याचदा फळाचा आंबटपणा ठळक असतो आणि नवख्या माणसालाही तो सापडतो. मात्र व्हिनेगरसारखा नाकात जाणारा आंबटपणा हा दोष आहे. कोकोच्या बिया साधारण पाच-सात दिवस आंबवतात आणि मग वाळवतात. वाळवण्याची घाई झाली की तो आंबूसपणा आतच राहतो. धुराचा वास आला तर बिया लाकडाच्या धगीवर वाळवल्या असतील.

टक्क्यांचा अर्थही एकदा सांगून ठेवतो, कारण तिथे बरेच फसतात. ७० टक्के म्हणजे कोकोच्या बिया आणि वरून वेगळं घातलेलं कोको बटर मिळून ७०. उरलेले ३० म्हणजे जवळजवळ सगळी साखर. त्यामुळे ७० टक्क्यांची दोन चॉकलेटं अगदी वेगळी लागू शकतात: एकात कोको बटर जास्त घालून ते मऊसूत केलेलं असतं, दुसऱ्यात बिया जास्त म्हणून कडक आणि करकरीत चवीचं. व्हाइट चॉकलेटमध्ये कोको बटर, दूध आणि साखर असते, काळा कोको नसतोच, आणि खऱ्या व्हाइटचा रंग दुधाच्या सायीसारखा पिवळसर असतो, खडूसारखा पांढराफेक नव्हे.

घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ किंवा पाम कर्नल तेल वरच्या नंबरावर दिसलं तर ते कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेलं चॉकलेट. हिल स्टेशनच्या बाजारात ‘होममेड’ म्हणून सुटं विकलं जाणारं बरंचसं चॉकलेट कंपाउंडचंच असतं, कारण ते टेम्पर करावं लागत नाही: वितळवा, साच्यात घाला, झालं. ते उन्हाला टिकतं, मुलांना आवडतं, त्यात वाईट काही नाही. पण जिभेवर ते पूर्ण विरघळत नाही, टाळूला तुपकट थर राहतो आणि तो थर पुढच्या दोन तुकड्यांची चव झाकतो. तुमच्या ताटात मधेच एक कंपाउंड आलं असेल, तर तिथून पुढे सगळं सारखं लागणारच. ते ठेवायचंच असेल तर अगदी शेवटी. लोणावळ्याचं चॉकलेट फज आणि दुकानातली दोन थरांची चॉकलेट बर्फी हीसुद्धा शेवटीच; दोन्हीत साखर आणि दूध इतकं असतं की त्यानंतर चाखण्यासारखं काही उरत नाही.

आता शेक. नियम एकच: कोको किंवा चॉकलेट आधी गरम पातळ पदार्थात पूर्ण मिसळून घ्यायचं, मग थंड करायचं, मगच थंड दुधात घालायचं.

घरी कोको पावडरचं सिरप करून ठेवणं सगळ्यात सोयीचं. २० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर (साधारण चार टेबलस्पून), ४० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. हे कोरडंच एकत्र करा, म्हणजे साखरेचे दाणे कोकोच्या गाठी फोडतात. मग ८० मिली पाण्यातलं आधी दोन-तीन चमचेच घालून लापशीसारखं घोटा आणि उरलेलं नंतर. एकदम सगळं पाणी ओतलं तर कोको वर तरंगतो, आतून कोरडा राहतो. मंद आचेवर उकळी आली की दोन ते तीन मिनिटं ढवळत राहा. सुरुवातीला फेसाचे बुडबुडे बारीक आणि फिकट असतात. मग ते मोठे, चकचकीत आणि गडद होतात, आणि कालथा फिरवला की पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो. तिथेच गॅस बंद. गार झाल्यावर ते आणखी दाटतं, म्हणून पातेल्यातच दाट करायला जाऊ नका. गरम असताना चाखलंत तर जरा जास्तच गोड वाटेल आणि तसंच वाटायला हवं. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते; सिरप कोमट असताना बरोबर वाटलं तर शेक फिका लागणार.

कोको पावडर दोन प्रकारची मिळते. साधी असते ती फिकट आणि आंबटसर. अल्कलीने प्रक्रिया केलेली, जिला डच म्हणतात, ती गडद, सौम्य आणि दुधात लवकर मिसळणारी. शेकसाठी दुसरी घ्या. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यात मात्र बरीचशी साखरच असते, ती या मापात चालणार नाही.

वडीचंच चॉकलेट वापरायचं असेल तर ५० ग्रॅम डार्क बारीक चिरा, त्यावर १०० मिली वाफाळतं (उकळतं नव्हे) दूध ओता, मिनिटभर हात लावू नका, मग मधून बाहेर गोल ढवळा. चमकदार एकजीव झालं की थंड करा. नुसतं चॉकलेट वितळवत असताना त्यात वाफेचे चार थेंब पडले तर ते एकदम गोळा होऊन बसतं, कारण थोड्याशा पाण्याने साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. टाकून देऊ नका. आणखी गरम दूध घाला, ६० ग्रॅम चॉकलेटला निदान एक टेबलस्पून, आणि घोटत राहा. पुन्हा वडी होणार नाही, पण शेकसाठी उत्तम सॉस होतो.

३०० मिलीच्या दोन ग्लासांसाठी: फुल क्रीम दूध २०० मिली, आइस्क्रीम २५० ग्रॅम, वरचं सिरप ६० ग्रॅम. दूध उकळून, गार करून, फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवलेलं हवं, कडेला बर्फ धरू लागेल इतपत. मिक्सरचं भांडंही पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. आधी दूध आणि सिरप दहा सेकंद फिरवा, मग आइस्क्रीम घालून पल्सवर पाच-सहा झटके. एवढंच. आपला मिक्सर चटणी वाटायला बनलेला आहे, त्याचा वेग फार. मिनिटभर सलग चालवला तर आइस्क्रीम वितळून शेक पातळ होतो, आणि सायीचं दूध असेल तर लोण्याचे कण सुटायला लागतात. बर्फ अजिबात नको. थंडावा कमी पडत असेल तर थोडं दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ते खडे घाला.

आइस्क्रीम घेताना डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’ ते बघा. दुसऱ्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं आणि कंपाउंड चॉकलेटसारखाच टाळूला थर राहतो. डबा हातात घेऊन वजनही बघा: एका लिटरचं वजन ५५० ग्रॅमच्या आसपास भरत असेल तर त्यात जवळजवळ निम्मी हवा आहे. म्हणूनच वरचं माप ग्रॅममध्ये दिलंय. स्कूप मोजून घातले तर हलक्या आइस्क्रीमचा शेक हमखास पातळ होतो.

पुण्याच्या मस्तानीसारखं हवं असेल तर अर्धा लिटर दूध आटवून ३५० मिलीवर आणा, रात्रभर गार करा, सिरप घालून घट्टसर शेक करा आणि वर आइस्क्रीमचा अख्खा गोळा न फिरवता सोडा. चमच्याने खात खात प्यायची गोष्ट आहे ही, स्ट्रॉ बाजूला ठेवा.

आणि आइस्क्रीम नकोच असेल तर सुरतेचा कोल्ड कोको करा. आपल्याकडे तो व्हायला हवा तेवढा होत नाही, आणि दहा-बारा माणसांना पुरवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. एक लिटर फुल क्रीम दुधातलं १५० मिली थंड बाजूला काढा. त्यात २५ ग्रॅम कोको, १५ ग्रॅम कॉर्नफ्लोर आणि १०० ग्रॅम साखर गुठळी न राहता मिसळा. उरलेलं दूध उकळलं की हे मिश्रण धार धरून घाला आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं शिजवा. खदखदायलाच हवं, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. गॅस बंद करून ५० ग्रॅम चिरलेलं डार्क चॉकलेट घाला, ते विरघळलं की गाळा. गार होताना अधूनमधून ढवळा, साय धरली तर पिताना ती चिंध्यांसारखी लागते. फ्रिजमध्ये निदान पाच तास. सकाळी खीर-पुडिंगसारखं घट्ट दिसलं तर पाव वाटी थंड दूध घालून दहा सेकंद फिरवा. यात ५० ग्रॅमच्या वर चॉकलेट घालायचा मोह होतो, पण मग कोको बटर वाढतं आणि गार झाल्यावर ते पिण्याऐवजी खरवडून खायची वेळ येते.

वेगवेगळे शेक चाखायचे असतील तर मोठे ग्लास नकोत, कटिंग चहाचे छोटे ग्लास अर्धे भरा. वड्या आणि शेक एकाच दिवशी असतील तर वड्या आधी, मधे अर्धा तास, मग शेक. उलटं केलं तर गारठलेल्या जिभेवर ७० टक्केवालं पुन्हा मेणासारखंच लागेल. उरलेलं सिरप कोरड्या काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर चांगलं राहतं. दर वेळी चमचा मात्र कोरडाच घाला.