आजोबांची आंब्याच्या लाकडाची होडी परसात दहा वर्षं पडून आहे, तळाला भेगा आहेत. घरीच दुरुस्त होईल का?

होईल, पण आधी उन्हातून हलवा. आंब्याचं लाकूड उन्हात भराभर सुकलं की भेगा आणखी फाकतात. सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठोकळ्यांवर पालथी ठेवा.

मग पेचकस घेऊन तळ टोचत जा. टणक लागलं तर ठीक. भुसभुशीत होऊन टोक आत गेलं तर तेवढा भाग कापून तिथे ठिगळ बसवावं लागेल. खिळे तांब्याचेच वापरा, लोखंडी गंजून भोवतालचं लाकूड खातात.

भेगांत एपॉक्सी (दोन भाग मिसळले की दगडासारखा घट्ट होणारा गोंद) भरायची घाई मात्र करू नका. मी एकदा केली होती. पाण्यात लाकूड फुगलं आणि भेग शेजारीच नव्याने उकलली! त्यापेक्षा जुनी रीत बरी: कापसाची वात हलक्या हाताने ठोकून बसवायची, वरून तेलात शिजवलेली राळ. ती थोडीफार लवचीक राहते.

शेवटी काजूच्या टरफलांचं तेल दोन हात. हातमोजे घालूनच, कातडी सोलवटते. नुसतं बाहेरून फायबर मारून देतो म्हणणारा भेटेल. नको म्हणा, आत ओल कोंडते.