विमानतळावर रडार असतंच, मग पक्ष्यांसाठी वेगळं रडार कशाला? आणि थवा दिसला की वैमानिकाला लगेच का कळवत नाहीत?

मी विमानतळाच्या वन्यजीव नियंत्रण पथकात काम करतो आणि आमच्याकडे असं रडार आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर आटोपतं, दुसऱ्यावर जरा सविस्तर लिहितो.

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पडद्यावर विमान दिसतं ते मुख्यतः दुय्यम रडारमुळे. जमिनीवरून विचारणा जाते आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर आपला कोड आणि उंची कळवतो. पक्षी अर्थातच काही कळवत नाही. प्राथमिक रडार, म्हणजे वस्तूवर आदळून परतलेल्या लहरी टिपणारं रडार, त्याला पक्ष्यांचे प्रतिध्वनी मिळतात, पण तिथे ते मुद्दाम गाळले जातात, कारण लहान आणि संथ ठिपक्यांच्या गर्दीत विमान हरवलं तर ते फार महागात पडेल. रडारला पक्षी दिसतात हे दुसऱ्या महायुद्धापासूनच माहीत आहे. ब्रिटनमध्ये आकाशात एकही विमान नसताना पडद्यावर ठिपके सरकायचे. ते पक्षी असू शकतात, हे प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी १९४५ मध्ये मांडलं.

पक्ष्यांच्या रडारसाठी बरेचदा जहाजावरचंच रडार घेतात. गाळणी मात्र उलटी लावायची: विमानं, गाड्या आणि हलणारं गवत बाजूला काढायचं आणि पक्षी ठेवायचे. पिसांवरून लहरी फारशा परतत नाहीत, परततात त्या शरीरातल्या पाण्यामुळे. सुमारे ३ सेंटीमीटर लहरीचं रडार लहान पक्षी चांगला टिपतं, पण पाऊस लागला की त्याचा पडदा भरून जातो. १० सेंटीमीटरवालं पावसातही बऱ्यापैकी काम करतं. आडव्या फिरणाऱ्या लांबट अँटेनाचा झोत उभ्या दिशेने वीस-पंचवीस अंश रुंद असतो, त्यामुळे पक्षी नकाशावर कुठे आहे ते कळतं, उंची कळत नाही. उंचीसाठी बऱ्याच ठिकाणी उभं फिरणारं दुसरं रडार जोडतात.

पडद्यावर पक्ष्याचं चित्र नसतं. असतात ते ठिपके, आणि संगणक दर फेरीला ते जोडत रेघ काढतो. सवय झाली की रेघेवरून बरंच ओळखता येतं. उन्हं तापल्यावर घारी वर चढू लागल्या की रेघ गोल गोल वळत हळूहळू वाऱ्याच्या दिशेने सरकते. कबुतरांची रेघ सरळ आणि घाईची. काही रडार झोत एकाच पक्ष्यावर रोखून धरतात, तेव्हा प्रतिध्वनी पंखांच्या फडफडीबरोबर कमीजास्त होतो. स्वित्झर्लंडमध्ये पक्षीतज्ज्ञ ब्रुनो ब्रुडरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं हाच धागा धरून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे गट वेगळे केले. तरीही नेमकी जात ठरवायला दुर्बीण घेऊन माणूसच जावा लागतो.

आता दुसरा प्रश्न. उड्डाणाच्या वेळी मोठं विमान सेकंदाला साधारण ८० मीटर वेगाने धावत असतं. ठरावीक वेग गाठल्यावर उड्डाण रद्द करणंच जास्त धोक्याचं असतं, तेव्हा इशारा त्याआधी पोचला तरच उपयोग. हवेत २५० नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे १२९ मीटरने जाणाऱ्या विमानाला ४ किलोमीटर कापायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात रडारने थवा ओळखायचा, नियंत्रकाने तो बघून बोलायचं, वैमानिकाने ऐकून ठरवायचं. आणि पक्षी? तो दोन सेकंदांत वळतो. आडव्या चित्रात विमानाच्या वाटेवर दिसणारा थवा खरं तर शंभर मीटर खाली असू शकतो. अशा प्रत्येक रेघेवर इशारा दिला तर दिवसभर इशारेच चालतील आणि खऱ्या इशाऱ्याकडे कोणी बघणार नाही. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी अडचण आहे.

म्हणून या रडारची खरी कमाई मला दुसरीकडे दिसते. आमच्याकडे रात्री धावपट्टीलगत टिटव्या यायच्या. गस्तीच्या गाडीच्या दिव्यात क्वचितच एखादी दिसायची, पण सकाळी पिसं सापडायची. जमिनीवर बसलेला पक्षी रडारलाही दिसत नाही. मात्र काही आठवड्यांच्या रेघा एकावर एक ठेवल्या तेव्हा अंधार पडल्यावर कुंपणाबाहेरच्या पाणथळीतून निघालेल्या कितीतरी रेघा गवताच्या एकाच पट्ट्यात येऊन संपत होत्या. तिथे जाऊन पाहिलं तर जमीन किंचित खोलगट, पाणी साचलेलं आणि किड्यांची रेलचेल. पाण्याचा निचरा केला, गवत किती उंच ठेवायचं ते बदललं, गस्तीची वेळ पुढे ढकलली. पक्षी नसतील तर इशाऱ्याची गरजच उरत नाही. नागरी विमानांच्या पक्ष्यांशी होणाऱ्या बहुतेक धडका जमिनीपासून ५०० फुटांच्या आत होतात आणि हा टापू आमच्या हातातला आहे.

त्यापलीकडचं आकाश आमच्या हातात नाही. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या ला गार्डियाहून निघालेल्या विमानावर कॅनडा गूज पक्ष्यांचा थवा आदळला तो सुमारे २,८०० फुटांवर. दोन्ही इंजिनांची ताकद गेली, विमान हडसन नदीत उतरवावं लागलं आणि १५५ जण वाचले. तिथे पक्षी पळवायचे आमचे फटाके आणि भोंगे काय करणार? एवढ्या उंचीवरच्या स्थलांतरासाठी हवाई दलांनी वेगळी वाट काढली आहे. इस्रायलवरून वर्षातून दोनदा सुमारे ५० कोटी पक्षी जातात. तिथे पक्षीतज्ज्ञ योसी लेशेम यांच्या प्रयत्नांतून रडार आणि निरीक्षकांच्या मदतीने थव्यांच्या वाटा आणि उंची कळवायची पद्धत बसली, आणि सरावाची उड्डाणं त्यानुसार हलवली जातात. अमेरिकेचं हवाई दल हवामान रडारांच्या जाळ्यातून पक्ष्यांचा अंदाज घेतं. सराव तासभर पुढे ढकलता येतो. प्रवासी विमानांच्या वेळापत्रकात अशी मोकळीक फारच थोडी.

तरी नियंत्रकाला काहीच सांगत नाही असं नाही. मोठा थवा धावपट्टीच्या टोकाजवळ आडवा सरकत असेल तर आम्ही कळवतो, तो वैमानिकाला सांगतो आणि वैमानिक धावपट्टीवर मिनिटभर थांबू शकतो. रडार नसतं तर तो थवा संध्याकाळच्या अंधुक उजेडात आम्हाला दिसलाच नसता. या एका कामासाठी तरी ते असायलाच हवं असं मला वाटतं.