मानवाधिकारांच्या कामात शासनाच्या वेगवेगळ्या खात्यांचा मेळ कसा घालावा?

मानवाधिकारांसाठी स्वतंत्र मंत्रालय काढले तर खात्या-खात्यांत समन्वय साधेल का, असे आपण विचारले आहे. मला तसे वाटत नाही. त्याने पत्रव्यवहाराला आणखी एक पत्ता तेवढा मिळेल.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचेच पाहा. त्यांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि खासगी रुग्णालयांकडे लक्ष वेधले गेले. ते आवश्यकच होते, पण आरोग्य खात्याच्या हाती साखळीची शेवटची कडी होती. नवरा-बायको मिळून एक कोयता (म्हणजे मजुरीचा एकच हिशेब), मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाआधीच खर्च झालेली, पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसावे तर खाडा लागून पैसे कापले जाणार, आणि फडाजवळच्या पालांवर ना न्हाणी ना शौचालय. अशा वेळी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला बाईला पटतो तो अडाणीपणामुळे नव्हे, हिशेबामुळे. तो हिशेब बदलणे कामगार खात्याच्या, साखर आयुक्तालयाच्या आणि कारखान्यांच्या हाती आहे.

अडचण अशी की प्रत्येकाची मोजणी निराळी आहे. कारखाना टोळ्या आणि कोयते मोजतो, अंगणवाडी गावात हजर असलेली मुले मोजते, पुरवठा खाते शिधापत्रिका मोजते, आणि अर्धा कोयता असलेली बाई स्वतःच्या नावाने यांपैकी फारच थोड्या कागदांवर सापडते. स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता; म्हणजे कर्नाटकात तोडीला गेलेली त्याच्या कक्षेत, कोल्हापूरला गेलेली बाहेर.

म्हणून माझ्या लेखी समन्वय म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातील त्रैमासिक बैठक नव्हे (तिचे इतिवृत्त मात्र सुबक असते). गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक मजुराची, बाईची वेगळी, नोंद व्हावी. तीच यादी कारखान्याच्या तालुक्यातील आरोग्य केंद्राला, शाळेला आणि कामगार अधिकाऱ्याला मिळावी. आणि नाव गळाले तर जाब कोणाला विचारायचा ते आधी ठरलेले असावे.

मानवी हक्क आयोगाच्या शिफारशी बंधनकारक नसतात, हे खरे. तरीही १९९३ च्या कायद्यानुसार त्याला शासनाकडून अहवाल मागवता येतो. तेव्हा तक्रार करताना प्रत्येक खात्याविरुद्ध सुटा अर्ज करू नका. एकाच बाईची, एकाच हंगामाची हकिकत मांडून संबंधित सर्व खात्यांकडून एकत्र अहवाल मागवण्याची विनंती करा.