पुस्तकांची पहिली छोटी परीक्षणं लिहिताना

दीडशे शब्दांत आटपा. कथानकाला त्यातले चाळीसच. रहस्यकथेत पहिल्या खुनापुढचं काही सांगू नका. ‘शेवटी जबर धक्का बसतो’ हेही नको, वाचक मग धक्क्याचीच वाट बघत बसतो. उकलीचा धागा आधी वाचकासमोर आला होता का, एवढं मात्र जरूर लिहा.

स्थानिक इतिहासाचं पुस्तक असेल तर आधी संदर्भसूची उघडा, मग एखादी तारीख स्वतः पडताळा. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळाला, असं नवख्यांना वाटतं. पण १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ लागतात. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची, म्हणजे १६३० सालची. ७८ धरलेत की वर्ष हुकलंच! बखरीतले संवाद पुरावा म्हणून खपवलेत का, तेही बघा.