डोळ्यातील बाहुली आणि पडदा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका विज्ञानशिक्षकांनी विचारले आहे की, डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांच्या दृष्टिविषयक संशोधनावर टिपण लिहिताना ‘बाहुलीवर प्रतिमा पडते’ असे लिहावे की ‘पडद्यावर पडते’, आणि ‘बाहुली’ हा शब्द शास्त्रीय लेखनात चालेल का.

पहिले वाक्य साफ चूक आहे, तरी ते व्याख्यानांतून सतत कानांवर येते. बाहुली हे परितारिकेच्या, म्हणजे डोळ्यातील रंगीत कड्याच्या, मधले छिद्र आहे. छिद्रातून प्रकाश आत जातो, छिद्रावर काहीही पडत नाही.

शब्द मात्र अस्सल आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिले की आपलीच इवलीशी सुलटी आकृती दिसते, तीच ही बाहुली. संस्कृतातील ‘कनीनिका’ लहान मुलीशी नाते सांगते, ग्रीक ‘कोरे’ म्हणजे मुलगी, लॅटिन ‘प्युपिला’ म्हणजे छोटी मुलगी किंवा बाहुली आणि फारसी ‘मर्दुमक’ म्हणजे छोटा माणूस. मराठी शब्द कनीनिकेचे भाषांतर आहे असे सांगणारे विद्वान मला मुळीच पटत नाहीत, कारण जे कोणत्याही आईला तान्ह्या बाळाच्या डोळ्यात दिसते, त्यासाठी कोश उघडावा लागत नाही. माझ्या मते हा शब्द आयांनीच घडवला. शिवाय त्यांचे निरीक्षण अचूक आहे: पारपटल, म्हणजे कॉर्निया, बहिर्गोल आरशाचे काम करते, त्याची वक्रतात्रिज्या सुमारे 8 मिलिमीटर असल्यामुळे दूरच्या वस्तूचे प्रतिबिंब त्याच्या सुमारे 4 मिलिमीटर मागे भासते, आणि छिद्रही साधारण तितकेच आत असल्याने आकृती नेमकी त्यातच बसलेली दिसते.

‘पडदा’ हा शब्द कानाच्या पडद्याप्रमाणे पातळ पटल या अर्थाने बरोबर आहे. पण चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या या गावात पडदा म्हटला की सिनेमाचाच आठवतो, आणि मग आत बसून कोणीतरी चित्र पाहत असल्याचा समज होतो. दृष्टिपटलावरची, म्हणजे डोळ्याच्या मागच्या या पडद्यावरची, प्रतिमा उलटी असते आणि ती जशीच्या तशी पुढे जात नाही. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या सुमारे 10 कोटी पेशींचे काम सुमारे 10 लाख तंतूंच्या दृष्टिचेतेतून मेंदूकडे पोहोचते. ह्युबेल आणि वीझेल 1958 मध्ये मांजराच्या मेंदूतील एका पेशीला काचपट्टीवरचा ठिपका दाखवत होते. ठिपक्याला ती दाद देईना, पण काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली विशिष्ट दिशेने सरकली तेव्हा ती जोरात चेतली. कडा आणि त्यांचा कल ओळखणाऱ्या पेशी मेंदूत आहेत, हे त्यातून उलगडले आणि 1981 चे नोबेल त्यांना रॉजर स्पेरी यांच्याबरोबर मिळाले. ह्युबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून ठेवला, तेव्हा नंतर तो उघडूनही त्या डोळ्याला मेंदूतील फारच थोड्या पेशी प्रतिसाद देत होत्या, दृष्टिपटल जवळपास धड असूनही.

म्हणून टिपणात ‘प्रकाश बाहुलीतून आत जातो, प्रतिमा दृष्टिपटलावर पडते आणि मेंदू पाहतो’ असे लिहावे.