बाळ एनआयसीयूत काचेच्या पेटीत आहे. बाप म्हणून मी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ३०व्या आठवड्यात झाला, बायको ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर आहे आणि तुम्ही दिवसातून चारदा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जाऊन पेटीसमोर उभे राहून परत येता. ‘तिथे मी पाहुणा असल्यासारखं वाटतं,’ हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली. वजन १,१२० ग्रॅम. बायकोचं ब्लडप्रेशर इतकं चढलं होतं की पुढचे पाच दिवस तिला पलंगावरून उठू दिलं नाही. खाली मुलगी, वर बायको आणि जिन्यात मी.

पहिल्या दिवशी धीर करून पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि तिच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. ती दचकली. दोन्ही हात फाकले, बोटं ताठ झाली, मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९३ वरून ८५ वर घसरला आणि बीप सुरू झालं. मी हात मागे घेतला तो चौथ्या दिवसापर्यंत परत घातलाच नाही. माझ्या हाताने तिला त्रास होतो, असंच धरून चाललो होतो. ते तीन दिवस आठवले की आजही जिवाला लागतं.

चौथ्या रात्री ड्युटीवरच्या सिस्टरनी बोलावून हात कसा ठेवायचा ते दाखवलं. आधी साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं, तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे. मग एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने पाय पोटाशी दुमडून धरायचे, आणि बस, हात हलवायचा नाही. कुरवाळायचं नाही, थोपटायचं नाही. इतक्या लवकर आलेल्या बाळाला फिरता, हलका स्पर्श सोसत नाही. पण चारी बाजूंनी आवळून धरलेलं त्याला पोटातल्यासारखं वाटतं. तिची फाकलेली बोटं हळूहळू मिटली. आकडा तिथल्या तिथे राहिला. मी चाळीस मिनिटं तसाच वाकून उभा होतो, पाठ भरून आली तरी हात काढवेना. तुम्ही आज जाल तेव्हा सिस्टरना एवढंच म्हणा, ‘हात कसा ठेवायचा, दाखवाल का?’ त्या दाखवतील.

दुसरं काम दुधाचं, आणि ते अर्धंअधिक बापाचं आहे. सकाळ-दुपार-रात्र धरून २४ तासांत आठ वेळा तरी दूध काढावं लागतं, रात्रीची वेळ चुकवून चालत नाही. पहिल्या दिवसांत सिरिंजच्या तळाशी पिवळसर थेंबच दिसतील. ते थेंबही खाली पोचवा. आईच्या दुधाने अशा बाळांना आतड्याच्या एका गंभीर आजाराचा धोका कमी होतो, म्हणून डॉक्टर त्याच्यासाठी एवढे आग्रही असतात. पंपाचे भाग धुणं, उकळणं, बाटलीवर नाव आणि वेळ लिहिणं, जिना उतरणं हे सगळं तुमचं. आणि बायकोला ‘किती निघालं?’ असं कुणालाही विचारू देऊ नका. सासू असो, आई असो, दारातच थांबवा. त्या प्रश्नाने माझी बायको दोनदा रडली होती.

मॉनिटरबद्दल थोडक्यात सांगतो. ही बाळं कधीकधी श्वास घ्यायचीच थांबतात. मेंदूतली ती व्यवस्था अजून पक्की झालेली नसते. सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि श्वास सुरू होतो. त्यासाठी औषध म्हणून कॅफीन देतात, ऐकून दचकू नका. वजनही पहिल्या आठवड्यात आधी उतरतं, मग चढतं. वहीत लिहून ठेवा, पण रोजच्या १० ग्रॅमवर दिवस चांगला की वाईट ते ठरवू नका.

आता कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर धरून ठेवणं. हे आईनेच करायचं असतं असा समज आहे, तो चुकीचा आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. पुढे भारतासह पाच देशांत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर हे सुरू केलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास कांगारू केअर सुचवते. एकटी आई एवढे तास कुठून काढणार? डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘मी कधी सुरू करू?’ नळ्या लावलेल्या असल्या तरी विचारा. पुढून उघडणारा शर्ट घाला, आधी लघवीला जाऊन या आणि एकदा बाळ घेतलं की निदान तासभर उठू नका. पेटीतून काढण्या-ठेवण्यातच त्याची जास्त दमछाक होते. माझ्या छातीवर ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या खांद्यांवरची बारीक लव मला गळ्याशी लागत होती. तिचा कान माझ्या नखापेक्षा जेमतेम मोठा होता.

आणि एक, घाईत राहून जातं ते: जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या आसपास डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायची असते. तोवर डिस्चार्ज मिळाला तरी तारीख लिहून घ्या आणि ती अजिबात चुकवू नका. वेळेत कळलं तर उपचार आहेत, उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

बायकोला व्हीलचेअरवरून खाली नेता येईल का, हे आजच विचारा. तोवर व्हिडिओ दाखवत राहा. माझ्या बायकोला सहाव्या दिवशी आणलं. ती पेटीजवळ आली, बराच वेळ नुसती बघत राहिली. मग बाह्या वर सारून म्हणाली, ‘हात कसा ठेवायचा, दाखव.’

मी दाखवला.