क्रांतिसिंह नाना पाटील इतकी वर्षं भूमिगत राहूनही इंग्रजांच्या हाती का लागले नाहीत?

मी वाळवा तालुक्यातला. वेषांतराच्या सुरस कथा आमच्याकडे पारावर अजून रंगतात, पण नुसता वेष बदलून कुणी १९४२ ते ४६ फरार राहत नसतो. नानांना गावांनी सांभाळलं, आणि त्यात गावांचाही फायदा होता.

नाना मूळचे येडेमच्छिंद्रचे, जन्म १९०० चा. १९३० च्या चळवळीत पडण्याआधी ते तलाठी होते. म्हणजे कुठल्या भावकीत बांधावरून जुंपलीय, कुणाचं रान सावकाराच्या घशात गेलंय, हे सगळं माहितीतलं. बोलणंही अस्सल गावरान. पुढं प्रतिसरकारनं, म्हणजे नानांच्या पुढाकारानं सातारा भागात इंग्रजांना समांतर उभ्या राहिलेल्या लोकांच्या सरकारनं, हीच कामं हातात घेतली: गावातच न्यायनिवाडा, दरोडेखोरांचा बंदोबस्त, कर्ज न काढता साधेपणानं लावलेले गांधी-विवाह. कोर्टकचेरीत खेटे घालून चपला झिजलेल्या माणसाचा तंटा चावडीवरच मिटत असेल, तर तो फौजदाराला नानांचा ठावठिकाणा कशाला सांगेल?

माझी आजी सांगायची, वैरणीला निघालेल्या बाईच्या पाटीत खाली भाकरी-कांदा आणि वर गवत असायचं. उसात कोण बसलंय हे विचारायची पद्धत नव्हती.

दुसरी गोष्ट हद्दीची, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि मध्येमध्ये संस्थानांचे तुकडे. चळवळीचं मोठं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानात, आणि औंधच्या राजांनी १९३९ लाच कारभार प्रजेच्या हाती दिलेला. तिथं इंग्रजी पोलिसांची डाळ सहजी शिजत नव्हती.

आणि हो, धाकही होता. जयंतीच्या भाषणांत हे गाळतात. खबऱ्या सापडला की तळपायावर काठ्या पडायच्या. मला त्याचं कौतुक नाही, पण नुसत्या प्रेमावर सगळी गावं गप्प बसली हेही पटत नाही.

नाना १९४६ ला कराड तालुक्यात उजळमाथ्यानं लोकांपुढं आले. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हतं. वाळव्याचे क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी यांचे साथीदार किसन अहिर आणि नानकसिंग २५ फेब्रुवारी १९४५ ला शिराळ्याकडं मणदूरजवळ पोलिसांच्या चकमकीत पडले. वाळव्याचा ‘हुतात्मा’ साखर कारखाना त्याच किसन अहिरांच्या नावाचा.